कटी सार्कवर माणसं दिवसभर करायची काय?

निवृत्त_दर्यावर्दी

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला सहा आठवडे होतो. जावयाने पहिल्याच रविवारी ग्रिनिचला नेऊन 'कटी सार्क' (१८६९ चं चहा वाहणारं शिडाचं जहाज, आता संग्रहालय) दाखवली. नंतर मी एकटाच तीनदा जाऊन आलो. लेक वैतागली. "बाबा, उभा जन्म जहाजावर गेला, आता सुट्टीतही जहाजच?" तिला काय सांगणार, मी तिथं जाऊन कामं मोजत बसायचो.

तिथं येणारा प्रत्येक जण तीन गोष्टी ऐकून जातो: साडेसतरा नॉटचा (ताशी साधारण ३२ किलोमीटरचा) वेग, चीनचा चहा आणि 'थर्मोपिली' जहाजाशी लागलेली शर्यत. सगळं खरं आहे. पण मी डेकवर उभं राहून मान वर केली आणि मनात आलं, एवढं सगळं ओढायचं कोणी?

हिशेब बघा. जहाजाची लांबी साधारण ६५ मीटर. मधली डोलकाठी ४६ मीटर उंच. शिडांचं क्षेत्रफळ ३२,००० चौरस फूट, दोर ११ मैल. इंजिन नाही. माणसं २८ ते ३५, आणि पुढे मालकाच्या काटकसरीत त्याहूनही कमी. एका वेळी तर फक्त १९! त्यातून कप्तान, स्टुअर्ड, आचारी, सुतार आणि शिडं शिवणारा वजा करा. जे उरले त्यातले निम्मे झोपलेले. म्हणजे रात्री दोनला वारा फिरला तर हाताशी आठ-दहा माणसं, त्यातला एक सुकाणूवर आणि एक पुढे टेहळणीला.

पाळ्या दोन. एक मेटची (कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी), एक सेकंड मेटची. चार तास काम, चार तास विश्रांती, असं बंदर येईपर्यंत. चीनहून लंडन म्हणजे चांगले शंभर-सव्वाशे दिवस. संध्याकाळची चार ते आठ ही पाळी तोडून दोन-दोन तासांच्या दोन करायचे, म्हणजे रोज पाळी उलटते आणि त्याच त्याच लोकांच्या नशिबी रात्री बारा ते चार येत नाही. आमच्या वेळी चार तास काम आणि आठ सुट्टी होती, तरी आम्ही कुरकुरायचो. शिवाय त्यांची विश्रांती कागदावरची. 'ऑल हँड्स' असा पुकारा झाला की अंथरूण सोडून सगळे वर.

आणि वारा नीट वाहत असेल तेव्हा आराम, असं वाटत असेल तर विसरा. तेव्हा तर खरी कामं निघायची. दोरांना डांबर लावायचं, तेही वरून खाली येत, चिंधीने, हाताने. खाली डेकवर थेंब पडला तर आपणच घासून काढायचा. लोखंडाचा गंज ठोकून काढायचा (हे काम मी स्वतः इतकं केलंय की तो आवाज अजून कानात आहे). डेक दगडाने घासायचं. जुने दोर उसवून त्यांचा काथ्या करायचा आणि तो फळ्यांच्या फटींत ठोकायचा. आचारी खारं मांस उकळायचा तेव्हा वर येणारी चरबी काढून ठेवायचा. ती डोलकाठीला चोळायची, कारण शिडाचं आडवं लाकूड तिच्यावरून सरकलं पाहिजे. ज्या मांसाने पोट बिघडायचं त्याच्याच चरबीवर जहाज चालायचं म्हणा ना.

शिडांचे दोन संच. चांगली, जाड, नवी शिडं वादळी समुद्रासाठी. विषुववृत्ताजवळच्या उन्हात आणि पडेल वाऱ्यात ठिगळं लावलेली जुनी. म्हणजे एका सफरीत सगळे कपडे बदलायचे आणि पुन्हा बदलायचे. एकेक शीड उतरवून दुसरं बांधताना अख्खी पाळी खपायची.

सगळ्यात छळवादी पट्टा विषुववृत्ताजवळचा. तिथं वादळ नाही, वाराच नाही. एक झुळूक इकडून, दुसरी तिकडून. प्रत्येक झुळकीला सगळी लाकडं फिरवा, पाच मिनिटांत पुन्हा उलटी फिरवा. दिवसभर घाम गाळून जहाज चार मैल पुढे.

तर धागा काढायचं कारण हे. वेगाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, कामाबद्दल कोणाकडे काही असेल तर लिहा.

टवाळ

थोडक्यात, तेव्हाही नव्वद टक्के आयुष्य मेंटेनन्समध्येच जायचं. वर ऑन-कॉल सपोर्ट. आयटीवाल्यांतर्फे त्या खलाशांना सलाम.

अनुजा_के

काका, फार छान लिहिलंत. एक प्रश्न, कदाचित बाळबोध असेल. शीड 'गुंडाळायला' माणसं वर चढतात असं वाचलंय. पण शीड दोराने खालूनच ओढून घेता येत नाही का? वर जायची काय गरज?

निवृत्त_दर्यावर्दी

अनुजाताई, बाळबोध अजिबात नाही. खालून दोर ओढले की शीड वरच्या लाकडाशी गोळा होतं, पण तसंच फुगून फडफडत राहतं. ते घट्ट वळून बांधलं नाही तर वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. म्हणून वर.

वर जाऊन उभं कुठं राहायचं, तर लाकडाखाली लोंबणाऱ्या एका दोरावर. पोट लाकडावर टेकवायचं, पाय मागे जातात, आणि दोन्ही हातांनी कापड ओढून पोटाखाली दाबायचं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नजवळ, हे कापड भिजून, गारठून पत्र्यासारखं ताठ झालेलं. त्याला पकडायला घडी नसते. नखं मुडपतात. मूठभर कापड आलं की वारा ते हिसकावून नेतो, पुन्हा पहिल्यापासून. मनगटावर मेणकापडाच्या बाह्या खाऱ्या पाण्याने घासून गळवं झालेली असतात, ती फुटतात. 'एक हात स्वतःला, एक हात जहाजाला' असं खलाशी म्हणायचे, पण या कामाला दोन्ही हात लागतात.

हे करताना खाली कोण कुठला दोर सोडतोय यावर वरच्यांचा जीव. दोर अडकवायच्या खुंट्या कठड्याला आणि डोलकाठ्यांच्या बुडाशी ओळीने असतात. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली, आणि ती काळोखात, हाताने चाचपून सापडायला हवी. नव्या पोराचं पहिलं शिक्षण तेच. चुकीचा दोर सुटला आणि नुसत्या शिव्यांवर भागलं तर नशीब. मधल्या डोलकाठीजवळच्या खुंट्या मोजायच्या असं तिन्ही वेळा ठरवून गेलो आणि तिन्ही वेळा राहून गेलं.

एक सुधारणा मात्र झाली होती. पूर्वी डोलकाठीवरचं खालून दुसरं शीड एकच अवाढव्य असायचं. १८५० च्या दशकात त्याचे वर-खाली दोन भाग करायची पद्धत आली. कटी सार्कवर तशीच दोन आहेत. कमी माणसांत आवरतं. मालक त्याचा फायदा घेऊन आणखी माणसं कमी करणार, हे ओघानं आलंच.

पुस्तकी_किडा

थोडी भर. कटी सार्क डंबार्टनला २२ नोव्हेंबर १८६९ रोजी पाण्यात उतरली. सुएझ कालवा त्याच्या पाचच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला उघडला. म्हणजे ज्या धंद्यासाठी बांधली तो धंदा जन्मतःच हातातून निसटायला लागला होता. तिला बांधणाऱ्या स्कॉट अँड लिंटन कंपनीचं तर जहाज पुरं व्हायच्या आतच दिवाळं वाजलं. चहाच्या सफरी मिळाल्या फक्त आठ, १८७० ते १८७७. त्यानंतर मिळेल तो माल. कोळसा, ताग, रॉकेलचे डबे. १८८२-८३ च्या सुमारास आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, मद्रास, भिमलीपट्टण, काकीनाडा असं करत हिरडे, गूळ आणि म्हशींची शिंगं भरून ती लंडनला गेली. जगातलं नावाजलेलं चहाचं जहाज आणि पोटात काय, तर हिरडे!

खरा फॉर्म तिला ऑस्ट्रेलियाच्या लोकरीत गवसला. १८८३ मध्ये न्यूकॅसलहून (ऑस्ट्रेलियातलं) ४,२८९ गासड्या घेऊन ८३ दिवसांत लंडन. कप्तान वुडगेट आल्यावर १८८५ ला सिडनीहून ७३ दिवसांत.

टवाळ

हिरडे कशाला? अख्ख्या लंडनला बद्धकोष्ठ होता का?

पुस्तकी_किडा

@टवाळ, कातडी कमवायला. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं.

बाणकोटकर

सुएझ आला तर शिडाचं जहाज कालव्यातून का नाही गेलं, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. कालव्यात टगने ओढून न्यावं लागणार, त्याचे पैसे. आणि पुढे तांबड्या समुद्रातला वारा शिडाच्या जहाजाला सोयीचा नाही. त्यामुळे आगबोटींना हजारो मैलांची सूट मिळाली आणि शिडवाल्यांना आफ्रिकेचा वळसा तसाच राहिला. ऑस्ट्रेलियाकडे उलटं. अंतर लांब, वाटेत कोळसा महाग, आणि दक्षिणेला पश्चिमेचा वारा फुकट.

माझे आजोबा पडावावर (किनाऱ्याने माल नेणारं शिडाचं गलबत) तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होते. मंगळुरी कौलं मुंबईला आणायचे. त्यांचा सगळा हिशेब वाऱ्याचा. पावसाळ्यात पडाव किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेला, नारळी पौर्णिमेला नारळ दिला की मग पुन्हा समुद्र. चार महिने घरी असायचे आणि आजी म्हणायची, "हे चार महिने मला जड जातात." काकांनी लिहिलंय ते 'आडवं लाकूड' आमच्याकडे परबाण. आमच्या पडावाला एकेका डोलकाठीवर तिरकं एकच परबाण, कटी सार्कला एकेका काठीवर पाच-सहा आडवी. आजोबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, 'येवडा कित्याक?'

रिगर_भाऊ

पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र असतो. मी पुण्यात बांधकामावर क्रेन सांभाळतो. आमच्याकडे माल वर घ्यायचा तर 'हाबेस' आणि खाली सोडायचा तर 'आर्या'. बिहारी असो, मराठी असो, सगळे हेच बोलतात. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं की हे बोटीवरचे शब्द आहेत. काका, खरं का?

निवृत्त_दर्यावर्दी

रिगरभाऊ, तुम्ही दिवस सत्कारणी लावलात! अगदी खरं. ही लष्करी बोली. लष्करी म्हणजे सैन्याची नव्हे, लस्करांची. आपल्याकडच्या खलाशांना इंग्रज लस्कर म्हणायचे. 'आर्या' पोर्तुगीज 'आरियार'वरून, अर्थ सोडणे, खाली घेणे. या बोलीत हिंदुस्थानी, फारसी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळ्याची मिसळ. तिचा कोश थॉमस रोबक नावाच्या इंग्रजाने १८११ मध्येच छापला, कारण गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूमच देता येईनात. सारंग, टंडेल, कसाब, सुकाणी, भंडारी, टोपास. मी नोकरीला लागलो तेव्हाही हुद्दे हेच होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर, गोवेकर सलूनमध्ये (प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या कामाला), अशी पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी.

कटी सार्कवर मात्र बहुतेक युरोपीय खलाशी. तिथं हुकमाच्या जोडीला गाणी. कॅप्स्टन (दांडे लावून फिरवायचा उभा रहाट) फिरवायचं गाणं वेगळं, कारण ती सलग चाल. परबाण वर चढवायचं वेगळं, कारण तिथं झटका एकदम बसला पाहिजे. एक जण ओळ म्हणायचा, बाकीचे ठराविक शब्दावर ओढायचे. चांगला गाणारा खलाशी दहा माणसांचं काम करतो असं म्हणत. कोळीवाड्यात जाळं ओढताना पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मेघना_आहारतज्ज्ञ

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. खारवलेलं गोमांस, डुकराचं मांस, कडक बिस्किटं, वाटाण्याचं सूप, आलटून पालटून. कोणत्या वारी काय आणि किती, हे करारात लिहिलेलं असायचं. पाणी माणशी दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर, आणि त्यातलंच आचाऱ्याला द्यायचं. अंघोळ पाऊस पडला तर. बिस्किट खाण्याआधी टेबलावर आपटायचं, आतले किडे बाहेर पडावेत म्हणून.

स्कर्व्हीसाठी (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) द्यायचा लिंबाचा रस ब्रिटिश जहाजांवर १८६७ च्या कायद्याने जरा बऱ्या दर्जाचा झाला. गंमत अशी की आंबट लाइमच्या रसात क जीवनसत्त्व साध्या लेमनपेक्षा बरंच कमी. तेव्हा क जीवनसत्त्व कोणाला माहीत होतं! आंबट म्हणजे गुणकारी, एवढीच समजूत.

जुनं_ते_सोनं

काही म्हणा, पण त्या काळच्या माणसांत शिस्त होती. कप्तानाचा शब्द म्हणजे शब्द. आज अशी निष्ठा कुठे दिसते?

निवृत्त_दर्यावर्दी

सोनंसाहेब, त्याच जहाजावरची १८८० ची हकीकत सांगतो, मग ठरवा.

वेल्समधल्या पेनार्थहून कोळसा भरून जपानकडे निघाले होते. मेट सिडनी स्मिथ, स्वभावाने जल्लाद. जॉन फ्रान्सिस या काळ्या खलाशाशी त्याचं सुरुवातीपासून वाकडं. एकदा दोर सोडण्यावरून बाचाबाची झाली आणि मेटने कॅप्स्टनचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. फ्रान्सिस मेला. जहाज जावा बेटावरच्या अंजेरला थांबलं तेव्हा कप्तान वॉलेसने मेटला गुपचूप पळून जायला मदत केली. खलाशांनी हे कळल्यावर कामच बंद केलं. 'खुन्याला सोडता, मग आम्ही का राबायचं?' थोड्या दिवसांनी, वारा पडलेला, जहाज जागच्या जागी, आणि कप्तानाने समुद्रात उडी मारली. सापडला नाही. स्मिथ पुढे पकडला गेला आणि १८८२ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

वॉलेस तसा खलाशांचा लाडका होता म्हणतात. मला त्याची कीव येते, पण फ्रान्सिसची अधिक. त्याचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं.

जुनं_ते_सोनं

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. निदान अर्धे.

पुस्तकी_किडा

अर्धे शिल्लक ठेवलेत ते बरं, कारण १८७२ ची गोष्ट त्यात बसते. १८ जूनला शांघायहून थर्मोपिली आणि कटी सार्क एकाच दिवशी निघाल्या. कटी सार्क सुमारे चारशे मैल पुढे होती, तोच १५ ऑगस्टला हिंदी महासागरात वादळात सुकाणूच तुटून गेलं. मालकाचा भाऊ जहाजावर होता, तो म्हणाला आफ्रिकेच्या बंदरात शिरा. कप्तान मूडी ऐकेना. सुतार हेन्री हेंडरसनने सुट्या लाकडांतून आणि लोखंडातून, डोलत्या डेकवर भट्टी पेटवून, नवं सुकाणू उभं केलं. भट्टीचा भाता कप्तानाचा पोरगा ओढत होता. भट्टी कलंडली आणि तो भाजला. एवढं करून लंडनला पोचले १२२ दिवसांत, थर्मोपिलीच्या आठवडाभर मागे. शर्यत हरले, पण त्या काळच्या लोकांनी वाखाणलं ते या सुतारकामाला.

अनुजा_के

या सगळ्याला पगार किती मिळायचा?

निवृत्त_दर्यावर्दी

कसलेल्या खलाशाला महिना साधारण तीन पौंड. जहाजाची किंमत १६,१५० पौंड, त्यावरून अंदाज घ्या. आणि पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ उचललेला. तो खाणावळवाल्याने आणि खलाशी पुरवणाऱ्या दलालाने किनाऱ्यावरच गिळलेला. म्हणजे पहिला महिना फुकट राबल्यासारखा. त्याला ते 'मेलेला घोडा' म्हणत. महिना संपला की गोणपाट आणि गवताचा घोडा करून, डेकवरून मिरवून, परबाणाला टांगून समुद्रात सोडून द्यायचे. आज कर्ज फिटलं, आता जे कमावू ते आपलं.

टवाळ

ईएमआय फिटल्यावर आमच्या सोसायटीतही हा विधी सुरू करावा म्हणतो.

बाणकोटकर

घोड्यावरून आठवलं. कटी सार्कच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकाला कोरलेली, ती बाई हातात घोड्याची शेपटी धरून आहे ना? फोटोत बघितली. भानगड काय?

पुस्तकी_किडा

ती चेटकीण. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत ती आखूड शर्टात नाचते आणि पळणाऱ्या घोड्याची शेपटी उपटते. 'कटी सार्क' म्हणजेच तो आखूड शर्ट. हातातली शेपटी दोराची. १८९५ ला जहाज पोर्तुगिजांना विकलं, नाव 'फेरेरा' झालं, पण तिथल्या खलाशांनी लाडाने 'पेकेना कामिझोला' म्हटलं. अर्थ तोच, छोटा शर्ट. 'कामिझोला' ऐकून गोवेकरांना ओळखीचं वाटेल.

निवृत्त_दर्यावर्दी

धागा लेकीला पाठवला होता. तिचा आत्ताच मेसेज आला: "बाबा, आज ऑफिस सुटल्यावर गेले होते. मधल्या डोलकाठीजवळच्या खुंट्या मोजत होते, शाळेची सहल मध्ये घुसली आणि दोनदा आकडा चुकला. शनिवारी परत जाते."

आकडा आला की कळवतो.